एका माणसाचे माप

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वेरूळ मागे टाकतो आणि औट्रम घाटाने खानदेशात उतरतो; त्या उतरणीपूर्वी लागणारे शेवटचे मोठे गाव म्हणजे कन्नड. तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे येथे तहसील कचेरी आहे, न्यायालय आहे, रुग्णालय, शाळा, महाविद्यालय, बँका, वनखात्याचे आणि वीज कंपनीचे कार्यालय आहे. आणि जेथे इतक्या कचेऱ्या एकवटतात तेथे बदलीच्या हुकुमाने आलेली, कुटुंब मागे ठेवून आलेली माणसे असावयाचीच, हा निजामाच्या अमदानीपासूनचा शिरस्ता आहे. त्या काळी पेशकार, नाजर, गिरदावर अशा हुद्द्यांची माणसे गावात खोली घेऊन राहत. आज शिक्षक, परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतील कारकून आणि वायरमन राहतात. पिशोर, नागद, करंजखेड, हतनूर या बाजूच्या खेड्यांतून महाविद्यालयासाठी आलेली मुले एकेका खोलीत संसार मांडतात. आणि ज्यांची मुले वाळूज, चाकण किंवा पुण्याच्या कारखान्यांत नोकरीला गेली आहेत अशी वृद्ध माणसे, आपल्याच जुन्या घरात, एकेकटी मागे राहिली आहेत.

या सगळ्यांना दिवसातून दोनदा एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न समाज फार हलका समजतो. एकटा पुरुष नीट जेवत नसेल तर त्याला स्वयंपाक येत नाही असे आपण म्हणतो. एकटी स्त्री नीट जेवत नसेल तर तिला कंटाळा येतो असे म्हणतो. दोन्ही निदाने अपुरी आहेत. कन्नडसारख्या गावी एकट्याने राहिलेल्यांशी बोलता बोलता, आणि स्वतः येथे एका खोलीत चूल मांडून राहिलो तेव्हापासून, माझी खात्री होत गेली आहे की हा प्रश्न मुख्यतः मापाचा आहे. आपले पाकज्ञान, आपली भांडी, आपला बाजार, आपली गिरणी ही सारी कुटुंब गृहीत धरून घडली, आणि एका माणसाचे माप त्यांत कोठेच नोंदले गेले नाही.

आपल्याकडची पाकशास्त्राची पुस्तकेच पाहा. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली निघाले; कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ 1970 साली निघाले आणि अंदाजाने शिजवणाऱ्या घराघरांत त्याने वाटी-चमच्याचे निश्चित प्रमाण आणले. कमलाबाईंचे हे कार्य मी फार मोठे मानतो, कारण ज्या मुलीला आईजवळ उभे राहून शिकण्याची सवड मिळाली नाही तिलाही त्या वाटीने स्वयंपाकघरात प्रवेश दिला. परंतु ही दोन्ही पुस्तके गृहिणीसाठी लिहिलेली आहेत, आणि गृहिणी म्हटली की घर आले, पंगत आली, आल्यागेल्याचे ताट आले. आईकडून तोंडी शिकलेल्या माणसाची अडचण याहून वेगळी नाही. आठ माणसांच्या आमटीला किती मीठ पडते हे तिच्या हाताला ठाऊक असते. तिच्याकडून शिकलेल्या हाताने एका माणसाची आमटी केली की ती खारट होते, नाहीतर उरते, आणि उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी खाऊन माणूस अखेर चहा-टोस्टावर येऊन थांबतो.

जुन्या व्यवहारात लहान मापांची वाण नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. धान्याच्या मापात दोन नेळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली अशी उतरंड होती. वजनात 80 तोळ्यांच्या शेराचा सोळावा हिस्सा म्हणजे छटाक होती. 1956 च्या कायद्यानुसार 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि ही नावे हळूहळू दुकानांतून गेली. छटाक म्हणजे सुमारे 58 ग्रॅम. आणि वरणात भाकरी चुरून खाणाऱ्या एका माणसाला एका वेळेस जेवढी तूरडाळ पुरते ती जवळजवळ तेवढीच भरते. किलोच्या वजनाने विकणाऱ्या दुकानात पाव किलोच्या खाली मागणे संकोचाचे वाटते. पण घरी आणलेल्या डाळीच्या डब्यात ठेवलेली लहान वाटी एकदा तेवढ्या डाळीने भरून पाहिली आणि तिच्यावर मनाशी खूण केली की पुढे तराजूची गरज उरत नाही.

आठवडी बाजारात भाजीचे वाटे मांडलेले असतात आणि एकेक वाटा चार माणसांच्या कालवणाचा असतो. वांग्यांचा वाटा घेतला तर तीन दिवस वांगी. मेथीची जुडी घेतली तर ती निवडून, धुऊन, शिजवून एक वेळ होते आणि उरलेली अर्धी जुडी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी पिवळी पडते. येथे जुने शेजारधर्माचे गणित उपयोगी येते. एकाच वाड्यात किंवा एकाच गल्लीत खोल्या घेऊन राहिलेले दोघे-तिघे बाजार मिळून करतात, वाटे खोलीवर वाटून घेतात, आणि चुली मात्र वेगळ्या ठेवतात. मला ही व्यवस्था एकत्र मेस चालवण्यापेक्षा अधिक टिकाऊ वाटते. कारण मेसमध्ये भांडण होते ते बहुधा वेळेवरून आणि तिखटावरून, भाजीच्या किमतीवरून फारसे होत नाही.

गिरणीची गोष्ट याहून नाजूक आहे. कन्नड तालुक्यात आता चोहोकडे मका दिसतो, अद्रकाचे वाफे दिसतात, कापूस दिसतो. परंतु मका कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो, अद्रक बाहेरच्या बाजारपेठांत जाते, आणि ताटात भाकरी येते ती ज्वारीची किंवा थंडीत बाजरीची. एका वेळच्या दोन भाकरींना साधारण 160 ग्रॅम पीठ धरले, आणि भाकरी दिवसातून एकदाच होते असे मानले, तर पंधरवड्याला अडीच किलो पीठ लागते. एवढे लहान दळण घेऊन गेलेल्या माणसाला गिरणीवाला तिष्ठत ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण जात्याच्या पाळ्यांत आधीच्या दळणाचे पीठ अडकलेले असते आणि दळण जितके लहान तितकी भेसळ ठळक. म्हणून जाणती माणसे ज्वारीमागून ज्वारी लागेल अशी वेळ साधून डबा ठेवून येतात. महिन्याचे एकदम दळून आणावे तर पीठ साथ देत नाही. बाजरीत स्निग्धांश अधिक, आणि तो दळल्यानंतर हवेने लवकर बिघडतो. त्यामुळे बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट होऊ लागते. ज्वारीचे पीठ कडू होण्यापूर्वीच त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि नवशिका मनुष्य हाताला दोष देऊन भाकरीचा नाद सोडतो.

भाकरीचा नाद सोडू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. गव्हाच्या कणकेला ताणून धरणारे जे चिवट द्रव्य असते ते ज्वारीत नाही. ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवायचे ते त्यातील पिष्टाने, आणि पिष्ट चिकट होते ते उष्णतेने व पाण्याने. याच कारणास्तव पीठ जुने असले की त्यात आधणाचे पाणी घालतात, थोडे निवले की तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळतात, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरते मळतात. हा शेवटचा नियम एकट्या माणसाच्या बाजूचा आहे: पोळीची कणीक आधी तिंबून मुरत ठेवावी लागते, तर भाकरी एकेक मागून एकेक, लागेल तशी, होते. परातीत पिठाचा हात फिरवून थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर टाकावी, त्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकताच उलटावी, आणि दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून सरळ जाळावर धरावी. आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते. पहिल्या महिन्यात भाकरी फुगली नाही तरी ती भाकरीच असते. जाड असली, वेडीवाकडी असली, तरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर आणि कच्च्या कांद्याबरोबर ती पोटाला तितकाच आधार देते.

ज्याला भाकरीचा एवढा खटाटोप रोज शक्य नाही त्याच्यासाठी एका भांड्यातल्या पदार्थांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि ती गरिबीची म्हणून उपेक्षित राहिली याचे मला वाईट वाटते. खिचडीसाठी अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, चिमूटभर हळद, तेलात जिरे-मोहरीची फोडणी आणि तीन वाट्या पाणी पुरे; तीत हाताशी असेल तो भोपळा, दोडका किंवा पालक पडावा. धान्याच्या प्रथिनात लायसिन हे द्रव्य कमी पडते आणि डाळीच्या प्रथिनात मेथिओनिन; दोन्ही एकत्र शिजली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरणफळे, ज्यांना कोणी चकोल्या म्हणतात, हीदेखील याच जातीची: पातळ, आंबटगोड वरण उकळत ठेवायचे आणि एका पोळीएवढ्या कणकेचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे त्यात सोडायचे. वरण आणि पोळी यांचा वेगळा खटाटोप वाचतो, भांडे एकच घासावे लागते, आणि पावसाळ्याच्या रात्री त्यावर तुपाचा चमचा पडला तर त्याहून उत्तम जेवण मला ठाऊक नाही. कुळथाच्या पिठाचे शेंगोळे थोडे अधिक वेळखाऊ, पण तेही एका पातेल्यातच उरकतात. मराठवाड्यात येसराचा डबा घरोघर असे. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले ते पीठ उकळत्या पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. गावाहून परत येणाऱ्या मुलाच्या पिशवीत आईने ठेवण्याच्या वस्तूंत येसराला लाडवांच्या आधी जागा मिळावी.

लहान कुकर ही एकट्या माणसाची मी सर्वांत आवश्यक खरेदी समजतो. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते आणि तूरडाळ तासभर हटवादीपणा करते. कुकरमध्ये दाब वाढून तेच पाणी 120 अंशांपर्यंत तापते आणि डाळ काही शिट्ट्यांत मेणासारखी होते. दोन-तीन लिटरच्या कुकरात खाली डाळीचा डबा, वर भाताचा, आणि भाताच्या डब्याशेजारी एखादा बटाटा असे एकाच जाळावर तिन्ही होतात. डाळ अर्धा तास भिजवली तर गॅस आणखी वाचतो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो, आणि भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर त्याची जोडणी मिळवणे अनेकदा कटकटीचे होते. अशा भाडेकरूंसाठी ओळखपत्र दाखवून 5 किलोचा लहान सिलिंडर घेण्याची सोय आहे, हे पुष्कळांना सांगावे लागते. भाताविषयी एक सावधगिरी. उरलेला भात उन्हाळ्यात खोलीत झाकून ठेवून रात्री गरम करून खाण्याची सवय धोक्याची आहे. शिजवूनही जिवंत राहणारे काही जंतू त्या उबेत वाढतात, आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा तापवल्याने जात नाही. भात लागेल तेवढाच लावावा. उरवायचेच असेल तर कोरडी चटणी, भाकरी, भाजलेले दाणे उरवावेत.

येथपर्यंत मी पुरुषांना नजरेसमोर ठेवून लिहिले, कारण शिकण्याची गरज त्यांना आहे. परंतु जिला स्वयंपाक उत्तम येतो अशी स्त्री एकटी पडली की तिच्या जेवणाचे काय होते, ही बाब मला अधिक गंभीर वाटते. आयुष्यभर तिने दुसऱ्यांसाठी शिजवले, स्वतः पंक्तीच्या अखेरीस उरलेसुरले घेतले. पती गेला, मुले शहरात गेली, आणि ज्यांच्यासाठी चूल पेटत होती ते कोणी उरले नाही. ‘माझ्या एकटीसाठी काय करायचे’ हे वाक्य कन्नडच्या जुन्या गल्ल्यांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता मी तक्रार मानीत नाही, लक्षण मानतो. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु शेवटी आणि कमी जेवण्याची सवय त्यांपैकी एक आहे, आणि ती सवय एकटेपणात सुटत नाही, उलट पक्की होते. अशा बाईला नवीन पदार्थ शिकवण्याची आवश्यकता नाही. तिने लोखंडी तव्यावर एक बाजरीची भाकरी टाकावी, तांदूळजा किंवा घोळीची भाजी करावी, वर लिंबू पिळावे, आणि चहा जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्यावा. लिंबाने भाजीतील लोह अंगी लागते, चहाने ते अडते. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी खाल्लेल्या पिढीची ही बाई आहे; अन्न वाया जाईल या धास्तीने ती कमी शिजवते आणि त्यातूनही शिळे आधी संपवते. तिच्या या धास्तीचा मान राखूनच तिच्याशी बोलले पाहिजे.

एकट्या माणसाला समाजाने पूर्वी कसे जेवू घातले याचा इतिहास या परिसरातच आहे. कन्नडपासून जवळ, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकड्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात खोदायला आरंभ झालेल्या त्या विहारांत भिक्षू राहत, आणि विनयपिटकातील नियमाप्रमाणे स्वतः शिजवलेले अन्न त्यांना वर्ज्य होते. गृहस्थाने द्यावे, भिक्षूने घ्यावे असा तो करार होता. पुढे तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या अनुयायांनीही भिक्षान्नाचाच मार्ग धरला. अगदी गेल्या शतकापर्यंत गरीब विद्यार्थी वार लावून, माधुकरी मागून शिकत. मात्र ही सोय जातीच्या कुंपणाआड होती, आणि ज्याच्यासाठी कोणतेच दार उघडे नव्हते त्याचे जेवण हा त्या व्यवस्थेच्या हिशेबातच नव्हता. 1920 नंतरच्या लंडनमधील वास्तव्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुऱ्या न्याहारीवर दिवसभर ग्रंथालयात बसत, आणि एका परिचिताने दिलेले पापड रात्री उशिरा पत्र्याच्या तुकड्यावर भाजून भूक भागवत, असे धनंजय कीर यांनी त्यांच्या चरित्रात नोंदले आहे. पत्र्यावर भाजलेले ते पापड हे एकट्या विद्यार्थ्याच्या स्वयंपाकाचे आपल्या इतिहासातील सर्वांत गंभीर उदाहरण मी समजतो. ज्या मराठवाड्यात त्यांनी 1950 साली मिलिंद महाविद्यालय काढले त्या मराठवाड्यातील खोल्यांतून आज हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तके उघडून बसली आहेत. त्यांनी उपाशी राहून शिकावे असा त्या उदाहरणाचा अर्थ कोणी लावू नये. वर्गातले ज्ञान जसे मिळाले पाहिजे तसे खिचडीचे मापही त्यांना मिळाले पाहिजे, मुलांना तर विशेषच.

खानावळीविषयी माझा आकस नाही. मुंबईच्या गिरणगावातील एकट्या कामगारांना ज्या बायांनी घरगुती खानावळी चालवून वर्षानुवर्षे जेवू घातले, त्यांना संघटित करून 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. ते कार्य कोणीही विसरू नये. परंतु खानावळ ही तिच्या वेळेवर चालते. रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका, वणवा विझवून गौताळ्यातून परतलेला वनरक्षक, वादळात तुटलेली तार जोडून आलेला वायरमन यांना ती वेळ गाठता येत नाही. 31 ऑगस्ट 2021 रोजी अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावकडची वाहतूक खुंटली. अशा दिवशी ज्याच्या खोलीत तांदूळ, डाळ, गूळ, दाणे आणि बेसन आहे त्यालाच निर्धास्तपणे झोप लागते. बेसनाचे महत्त्व येथे सांगितलेच पाहिजे: एक कांदा, दोन हिरव्या मिरच्या, चार चमचे बेसन आणि दीड वाटी पाणी एवढ्यावर दहा मिनिटांत पिठले होते, आणि आदल्या दिवशीची भाकरी त्यात मऊ पडते.

दिवाळीत कन्नडमधील पुष्कळशा खानावळी बंद असतात, महाविद्यालयातील मुले गावी जातात, आणि ज्यांची पाळी लागलेली असते ती रुग्णालयातील, वीज कंपनीतील, वनखात्यातील माणसे मागे राहतात. त्यांनी फराळ विकतच आणावा असे नाही. पाव किलो पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजावेत. तीन चमचे तेलात मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता, मूठभर दाणे, थोडे डाळे, खोबऱ्याचे काप, हळद, हिंग घालून फोडणी करावी. जाळ बंद करून मीठ आणि चवीपुरती पिठीसाखर घालावी आणि मग पोहे मिसळावेत. बेसनाच्या लाडवांना दोन वाट्या बेसन, पाऊण वाटी तूप आणि दीड वाटी पिठीसाखर पुरे. बेसन बदामी होऊन घमघमाट सुटेपर्यंत, घाई न करता, भाजण्यातच सगळे कसब आहे, आणि साखर घालायची ती मिश्रण कोमट झाल्यावर. एवढे लहान प्रमाण घेतले तरी ते एका माणसाला जास्तच होते. सणाच्या पदार्थाला एका माणसाचे माप लागू पडत नाही. मग एक ताटली घरमालकांकडे जाते, एक पलीकडच्या खोलीत जाते, आणि ताटली रिकामी परत पाठवायची नसते या रीतीप्रमाणे ती चकल्या, अनारसे घेऊन परत येते.